शेठच्या वाटंवरची बनुबाई

आमची आत्या बनुबाई गेली, तवा पेपरात काय आलं न्हाई. यायचं कारनच न्हाई म्हना. पन ज्या जनावराला ती शेवटपत्तूर भ्याली, त्याचे फोटो पेपरात, मोबाईलात, चौकातल्या फ्लेक्सवर, रिक्षाच्या पाठीवर, सगळीकडं हुते. आख्खं नगर त्याला शेठ म्हनायचं. बनुबाईला वळखनारे आमी घरचेच. म्हनून तिचं हे लिवून ठिवलंय.

बनुबाई राजूरच्या पलीकडची, डोंगरातली. चार घरं इकडं, चार तिकडं, मधी भाताची खाचरं आनि वर नुसतं रान. तिथली मानसं बिबट्याचं नाव घेत न्हाईत. "त्यो" म्हनत्यात, बास. त्यो आल्ता, त्यो गेला, त्यानी कुत्रं नेलं. नाव घेतलं की त्याला हाक मारल्यावानी व्हतं असं म्हनत्यात. बनुबाई ल्हान हुती तवाची गोष्ट. भात कापून खळ्यावर आनलेला, दिवस मावळतीला गेलेला. आई आत चूल पेटवत हुती. बनुबाई हातात पेंढी घिऊन उभी, आनि धाकटी भन सखू खाली वाकून सांडलेल्या लोंब्या येचत हुती. त्यो गंजीमागून आला. पाचोळा बी वाजला न्हाई. बनुबाईनी सगळं बघितलं, त्याची पाठ, त्याची शेपटी, सखूचं वाकलेलं डोकं. तोंड उघडलं तिनी. पन आवाज न्हाई फुटला. आई बाहीर आली आनि म्हनली, "सखू कुठाय गं?" तवा बनुबाईनी नुसतं बोट केलं, डोंगराकडं.

तिला कुनी रागावलं न्हाई. ल्हान पोर, काय करनार. पन तवापासून तिला खोड लागली. भ्या वाटलं की हात गळ्याकडं जायचा. आवाज हाय का गेला, चाचपून बघितल्यावानी.

पुढं लगीन झालं, मालक लवकर वारला, तरी हातातल्या बांगड्या तिनी उतरवल्या न्हाईत, आनि एकुलता एक आसाराम मोठा केला. आसाराम टेम्पोवर लागला. मंग नगरजवळ नागापूरला एमआयडीसीच्या मागं खोली घेतली, पूजाशी लगीन केलं आनि आईला घिऊन आला. लोकांना एमआयडीसीचा धूर नकोसा व्हतो, खडखडाट नकोसा व्हतो. बनुबाईला त्यो खडखडाटच आवडला. पूजाला म्हनायची, "रातभर दिवे, रातभर मशिनी. हितं त्यो येनार न्हाई बघ." दाराला कडी न लावता दुपारची झोपायची ती. आख्ख्या जन्मात पयल्यांदा.

मंग एका पावसाळ्यात पूजा कामावरून आली ती हसतच आली.

"आई, हे बघा मोबाईलात. कंपनीच्या भितीवर कोन बसलंय."

बनुबाईनी डोळे बारीक केले. कंपनीच्या कॅमेऱ्यातला व्हिडिओ. उंच भित, भितीवर त्यो. पुढचे पाय लोंबत सोडलेले, पोट पसरलेलं, मान वर. दुकानात गादीवर लोडाला टेकून बसलेल्या शेठवानी. खाली कुनी तरी लिवलेलं, नागापूरचे शेठ.

"कवाचं हे?"

"सकाळचं. आमच्या पलीकडची कंपनी."

बनुबाईचा हात गळ्याकडं गेला. उठली आनि दाराला कडी लावली. ती कडी परत कवा निघली न्हाई.

पूजाचं काम पॅकिंगचं, पयली शिफ्ट. सकाळी अंधारातच निघावं लागायचं, थंडीच्या दिवसात तर उजाडायच्या लई आधी. खोलीपासून कंपनीपत्तूर एक कच्ची वाट, एका बाजूला बंद कंपनीची भित आनि दुसऱ्या बाजूला मोकळा प्लॉट, त्यात येड्या बाभळी मानसाच्या वर वाढलेल्या. कंत्राटी बायांना गाडी न्हाई, त्या चालतच जायच्या. बनुबाईच्या जिवाला घोर लागला तो ह्या वाटंचा. बाकी कशाचा न्हाई.

आनि नगरचं काय झालं? नगर त्याच्या प्रेमातच पडलं. सावेडीकडनं लोकं गाड्या घिऊन यायची, पोरांना खांद्यावर बसवून, "शेठ दिसले का ओ?" असं इचारायची. शेठ मिसळ निघाली, शेठ चहा निघाला. कोपऱ्यावर हर्षलचं चिकनचं दुकान. शेठच्या नावानं पोरांनी मोबाईलात ग्रुप काढलेला, हर्षल त्याचा मेन मानूस. त्यानी शेठच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लावला, शेठला काळा गॉगल, गळ्यात सोन्याची चैन, खाली शुभेच्छुक म्हनून पोरांची तोंडं. बिबट्याचा वाढदिवस कवा हे कुनाला ठाव? हर्षलनी सोताच्याच वाढदिवसाला लावला. दोघांचं एकात भागलं.

बनुबाई त्याच्या दुकानावरनं जाताना थांबली.

"पोरा, त्याला नाव नगं ठिवू."

"का ओ आज्जी? शेठ म्हंजी आपल्या नगरची शान."

"नाव दिलं की त्यो वळखीचा व्हतो. वळखीच्याला कुनी भेत न्हाई."

"मंग कशाला भ्यायचं? आजपत्तूर कुनाला बोट लावलंय का शेठनी?"

"बोट न्हाई लावत त्यो," बनुबाई म्हनली. "सगळंच नेतो."

दुकानातली पोरं हसली. एकानी मोबाईल काढून तिचाच व्हिडिओ केला.

दिवाळी आली. आमच्या डोंगरात दिवाळीच्या तोंडाला वाघबारस असती. गुराखी पोरं खीर करत्यात, शिवंवरच्या वाघोबाच्या दगडाला शेंदूर लावत्यात, त्याचा वाटा तिथं ठिवत्यात. एक पोरगं वाघ व्हतं, बाकीची त्याला शिवंच्या भायेर पळवत नेत्यात, "येशील का परत?" म्हनत्यात, आनि त्यानी "न्हाई येनार" म्हनायचं. वाटा गावात न्हाई ठिवायचा. शिवंवर ठिवायचा. म्हंजी त्यो तिथंच थांबतो.

बनुबाईनी आसारामला इचारलं, "ह्या नागापूरची शीव कुठं रं?"

"आई, हितं शीव कसली? ह्याची भित संपली की त्याची सुरू."

"कायतरी असंलच की."

"प्लॉट हायेत. नंबर हायेत. शीव न्हाई."

पन बनुबाईला शीव पायजेच हुती. तिनी दुपारचं हिंडून हिंडून एक दगड हेरला. मोकळ्या प्लॉटच्या कोपऱ्याला रोवलेला, उभा, घडवलेला, त्याच्यावर एमआयडीसीचा नंबर कोरलेला. तिला वाटलं, हीच शीव. नायतर एवढा दगड कोन कशाला रोवंल? तिनी त्याला पानी घातलं, शेंदूर लावला, नारळ फोडला, पत्रावळीवर तांदळाची खीर ठिवली. हात जोडले.

"तुझा वाटा हितं. ह्याच्या आत येऊ नगं. माझी सून ह्या वाटंनी जाती."

तिथंच चुकलं. दगड शिवंवर नव्हताच. दगड ऐन पूजाच्या वाटंवर हुता.

खीर कुत्र्यांनी खाल्ली. कुत्री जमली म्हनून त्यो आला. सकाळी दगडाशी रगत आनि केसं पडलेली. हर्षलच्या ग्रुपात तेवढ्यात कुनीतरी शेंदराचा फोटो टाकला. झालं! "शेठचं ठानं सापडलं." त्याच दिवशी पोरांनी दगडावर हार घातला. हर्षल पहाटं दुकान उघडायच्या आधी काळ्या पिशवीत चिकनचं उरलंसुरलं घिऊन यायचा, दगडाशी ओतायचा आनि लांब स्कुटीवर बसून व्हिडिओ काढायचा. शेठ आले. शेठ जेवले. शेठनी आपल्याकडं बघितलं. खाली हजारो लोकांची लाल बदामं.

वनखात्याच्या लोकांनी बोर्ड लावला, खायला टाकू नये, जवळ जाऊ नये. पोरांनी त्या बोर्डाखाली उभं ऱ्हाऊन फोटो काढले.

बनुबाईला हे समाजलं तवा ती दोन घास खाऊन उठली आनि हात धुवायचा विसरली. तशीच बसली. मंग दुपारी घासलेटचं फडकं घिऊन गेली आनि दगड पुसाया लागली. शेंदूर काय निघंना. हर्षल आनि दोघं-तिघं आले.

"ओ आज्जी! काय करताय?"

"पुसतीय."

"देवाला हात लावता?"

"म्याच लावलाय शेंदूर. शीव चुकली माझी. ह्यो दगड शिवंचा न्हाई."

"अवो तुमी लावला म्हनूनच तर बरकत आली," हर्षल हसून म्हनला. तो पोरगा वाईट नव्हता, हे खरं. तिच्या हातातलं फडकं घेतलं त्यानी, तिचा हात धरून वाटंपत्तूर सोडली. "आता देव झालाय आज्जी त्यो. आता न्हाई पुसायचा."

दोन दिसांनी दगडाला ओटा झाला, फरशीचा. ओट्यावर झेंडा.

घरी बनुबाईनी पूजाला धरलं. "काम सोड."

"आई, काम सोडून काय करू? तुमच्यासंगं दाराला कडी लावून बसू?"

"बस की. जिती तर ऱ्हाशील."

"आमी रोज जातो तिथनं. त्यो भितीवर असतो, आमी खाली. बघतो आनि तोंड फिरवतो. आमच्यातली एंजेला तर त्याला गुड मॉर्निंग म्हनती."

"म्हनू दे तिला."

आसाराम म्हनला, "आई, मी सोडलं असतं गं. पन माझा टेम्पो पहाटंचा चाकनला असतो."

मंग बनुबाई दुसऱ्या दिवशी पूजाच्या आधी उठली. तिच्या मनात एकच हुतं. त्यो समोर आला आनि माझा आवाज पयल्यासारखाच न्हाई फुटला तर? म्हनून तिनी स्टीलची ताटली आनि मोठा चमचा घेतला. आवाज गळ्यातनं आला न्हाई तर हातातनं काढायचा. दाराच्या भायेर पाय टाकला आनि ताटली बडवायला सुरवात केली. ठन ठन ठन ठन. पार कंपनीच्या गेटपत्तूर.

बाया हसून हसून लोळल्या. एंजेला शेजारच्या खोलीतली, तोंडाची लई फटकळ.

"बनुमावशी, आज कुनाचं लगीन?"

"तुझंच लावून देते. शेठसंगं."

"आमच्या चर्चमधी लागंल का पन? फादर इचारतील, मुलगा काय करतो."

"सांग, बसून खातो."

अशी थट्टा चालायची. पन बनुबाई हसता हसता बी बाभळीकडंच बघायची, आनि ताटली थांबली न्हाई तिची. बायांना वाटायचं म्हातारी धीट हाय. धीट कसली? जाताना बाया असायच्या, येताना ती एकटी. म्हनून ती गेटवर वॉचमनच्या शेकोटीपशी बसायची, लख्ख ऊन पडंपत्तूर. मंग यायची, भितीला पाठ लावून, आडवी आडवी. घरात आली की मोरीत जाऊन ओकायची. हे पूजाला लई उशिरा कळलं, तिनी कुनाला सांगितलंच न्हाई.

नाताळचा दिवस उजाडला. एंजेलाला सुट्टी, बाकीच्या बायांनी बी रजा टाकलेली. पूजाच्या कंपनीतनं माल जायचा हुता, तिला जावं लागलं. निघाल्या दोघीच. धुकं असं की हात लांब केला तर बोटं दिसंनात. बनुबाईचा गुडघा धरलेला, ती मागं पडली. थंडीनी बोटं मेलेली. ठन ठन करता करता चमचा हातातनं सुटला. खाली कुठंतरी पडला. ती वाकली न्हाई. सखू वाकल्याली तिनी बघितली हुती. पायानीच चाचपायला लागली, आनि ताटली गप झाली.

तेवढ्यात ओट्यावरनं काहीतरी खाली उतरलं.

पूजा म्होरं चाललेली, हातात जेवनाच्या डब्याची पिशवी. काळी पिशवी. हर्षलच्या दुकानात मिळती तसलीच, घरात त्याच पिशव्या साठलेल्या. त्यो पूजाच्या मागं लागला. पळाला न्हाई, गुरगुरला न्हाई. रोजचं जेवान आलं म्हनून कुत्रं जसं मागं मागं येतं, तसा मान खाली घालून पिशवीच्या मागं. बनुबाई त्याच्या बी मागं. मधी त्यो. तिला त्याची पाठ दिसली, शेपटी दिसली, आनि त्याच्या पलीकडं पूजाचं डोकं, स्कार्फ बांधलेलं. सगळं तसंच. खळं तेवढं नव्हतं.

तिनी तोंड उघडलं. आवाज न्हाई.

हात गळ्यावर गेला. पूजा चालत हुती, गानं गुनगुनत हुती. त्यानी पाऊल उचललं, टाकलं न्हाई, तसंच अधांतरी धरलं. बनुबाईनी आमाला नंतर सांगितलं, की तवा तिला वाटलं, आता परत बोटच करावं लागनार. आता आसाराम इचारनार, पूजा कुठाय, आनि मी बोट करनार.

"सखूऽऽऽ!"

कुठनं आला काय म्हाईत, असा आवाज आला. पूजा गर्रकन वळली. सखू कोन हे तिला ठाव नव्हतं. समोर त्यो, चार पावलांवर.

"वाकू नगं! पिशवी टाक! लांब टाक!"

पूजाच्या हातातनं पिशवी सुटंना. बोटं आवळली गेली हुती. बनुबाई ताटलीवर बांगड्या आपटत, कोपर आपटत, सखू, पूजा, सखू, जे तोंडाला येईल ते वरडत त्याच्या बाजूनं चालत गेली. त्याच्या एवढ्या जवळनं, की वास आला तिला. ती पूजाच्या म्होरं जाऊन उभी ऱ्हायली. पिशवी हिसकली आनि बाभळीत फेकली. त्यानी तिकडं बघितलं. मंग हिच्याकडं बघितलं. लई येळ बघितलं, असं पूजा सांगती. मंग वळला, पिशवी तोंडात धरली आनि भित चढून गेला.

दोघी तिथंच खाली बसल्या. बनुबाईच्या हातातल्या बांगड्या फुटून मनगटातनं रगत येत हुतं. ती पूजाचं तोंड सारखं चाचपत हुती, आंधळं मानूस चाचपतं तसं.

हर्षल आला स्कुटीवर. बाभळीत डब्याचं झाकन पडलेलं बघून त्याला आधी हसूच आलं.

"शेठनी डबा नेला व्हय? कशाची भाजी हुती?" मोबाईल काढलाच त्यानी.

बनुबाई त्याच्या हाताकडं बघत ऱ्हायली. त्याच्या हातात काळी पिशवी, चिकनची.

"पिशवी बघ तुझी," ती म्हनली. "तिची बी असलीच हुती."

हर्षलनी पिशवीकडं बघितलं, पूजाकडं बघितलं. मोबाईल हळूच खिशात घातला.

"तू शिकवलंस त्याला," बनुबाई म्हनली. "आनि दगड म्या दावला."

त्यानंतर हर्षल सोताच वनखात्याकडं गेला. पिंजरा लागला, थोड्याच दिसात त्यो सापडला. आख्खं नगर लोटलं बघायला. बाया रडल्या, पोरं रडली, "शेठ लवकर परत या" असे फ्लेक्स लागले. काही लोकं बनुबाईला बोलली बी, ह्या म्हातारीनी घालवला आपला शेठ. ती पदर तोंडाला लावून गर्दीत उभी हुती. गाडी निघाली तवा एका सायबाला तिनी इचारलं, "कुठं सोडनार?"

"लांब. डोंगरात."

"कोनत्या डोंगरात, सायेब?"

तवर गाडी गेली. बनुबाईनी घरी येऊन आधी आमच्या अन्नाला, म्हंजी तिच्या भावाला फोन लावला, राजूरकडं. "पोरं संध्याकाळची आत घ्या," म्हनली. "त्यो तिकडं आला असंल. त्याला आता मानसांची सवय हाय." रोज फोन. रोज तेच. अन्ना वैतागायचा, पन पोरं आत घ्यायचा.

आनि सकाळची ताटली तिनी सोडली न्हाई. पूजा म्हनायची, "आई, गेला की त्यो." ती म्हनायची, "त्यो गेला. ओटा हायेच की." पुढच्या वाघबारशीला तिनी खीर केली, घरातच सगळ्यांना वाढली, शिवंवर काय ठिवलं न्हाई. शीव कुठाय हेच म्हाईत न्हाई तर ठिवू कुठं, असं म्हनली.

यंदा पावसाळ्यात तिला ताप भरला. दवाखान्यात नेली. तापात ती एकच बोलायची, "पूजा पोचली का?" पूजा उशाशीच बसलेली. "हितंच हाय आई." "पोचली का पन?" शेवटी पूजा म्हनली, "पोचले आई. गेटवर हाय." मंग ती गप झाली. तिचा हात गळ्यावर गेलेला, तो पूजानी सोडवला आनि आपल्या हातात घिऊन बसली.

तेरावं झाल्यावर पूजा कामावर निघाली. एंजेला दारात उभी हुती. पूजा परत आत गेली आनि ताटली घिऊन आली. कडेनं चेपलेली, बांगड्यांचे ओरखडे पडलेली.

"अगं, आता कुठाय त्यो?" एंजेला म्हनली. पन थट्टेनं न्हाई.

"नसंल," पूजा म्हनली. "पन त्या ओट्यावर काल कुनीतरी हार घातलाय. ताजा."

एंजेलानी घरातनं चमचा आनून तिच्या हातात दिला. मंग दोघी ठन ठन करत निघाल्या, बाभळीकडं बघत, आनि दोघींतली एक बी वाकली न्हाई.